खरवडलेली ओळ

बस लिविया, दिवा इकडे सरकव. तुझ्या बाबांची गोष्ट आहे. रागावलीस तरी शेवटपर्यंत ऐक.

त्या सोमवारी मला एका शिलालेखाचा कागदी ठसा घ्यायचा होता, एवढंच. संग्रहालय बंद, बाहेर ऑगस्टचं टळटळीत ऊन, तळघरात मी आणि तीनशे थडग्यांचे दगड. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं ते शेवटचं काम.

नोकरी गेली ती त्याच दगडापायी. त्याचा कोपरा तुझ्या बाबांच्या, सेत्तिमिओच्या हातून फुटला. गाडा तो ढकलत होता, मी दार धरून उभी होते. पण त्यानं संचालिकाबाईंना लिहून दिलं, एर्सिलियानं पाडला. ज्याच्या मुलीला, तुलाच, बाप्तिस्म्याला मी हातात धरलं, त्यानं. केसानं गळा कापला माझा.

दगड एका लोहाराच्या घरचा. जुने रोमन लोक जिवंत माणसांची नावंही थडग्यावर कोरून ठेवत आणि नावाआधी ‘व्ही’ हे अक्षर घालत, म्हणजे हा अजून जिवंत आहे. या दगडावरची तिसरी ओळ मात्र छिन्नीनं खरवडलेली. घरातल्याच कुणीतरी दगा दिला असणार, म्हणून त्याचं नाव खोडलं.

मी ओला कागद दगडावर पसरला आणि ब्रशनं ठोकू लागले. विहिरीच्या तळासारखा वास सुटला. त्या ओळीवर माझा हात जरा जोरातच चालला. प्रत्येक ठोक्याला तोंडून तुझ्या बाबांचं नाव निघत होतं.

दुपारी वाळलेला कागद सोलला. तिसऱ्या ओळीत अक्षरं होती. आधी व्ही, मग सेत्तिमिओ. दगडावर हात फिरवला... नुसते छिन्नीचे घाव.

तेवढ्यात तो कॉफी घेऊन आला.

“रागावलीस?”

“नाही.”

“मला दोन मुली आहेत गं. तू एकटी... तुझं निभावतं.” मग कागदाकडे बघून म्हणाला, “काय निघालं?”

“काही नाही. ठसा बिघडला.”

कागद मी घरी आणला. रोज बघायची. व्ही पुसट होत चालला होता. त्याला सांगायला किती वेळा फोन उचलला आणि ठेवला. ते ‘तुझं निभावतं’ कानातून जात नव्हतं. नवव्या दिवशी व्ही दिसेना. त्याच संध्याकाळी रडत रडत तुझा फोन आला.

हा बघ तो कागद. काल त्यावर चौथी ओळ उमटली. माझंच नाव आहे ना? तुझे डोळे तरुण आहेत, लिविया... नावाआधी व्ही दिसतोय का तुला?