कोसमटोल्याचा फरकांक

वणवा नियंत्रण केंद्राच्या मोठ्या पडद्यावर त्या दुपारी अकरा लाल ठिपके होते आणि तळावर जलपक्षी होते चार. जलपक्षी म्हणजे तलावातून दोन हजार लिटर पाणी उचलून आगीवर ओतणारी बिनवैमानिक विमानं. चार विमानं अकरा आगींमध्ये कशी वाटायची, हे ठरवायला माणसांनी तासभर वाद घातला असता. ‘तारक’ ही संगणक प्रणाली ते दर दोन मिनिटांनी ठरवत होती.

तारकवर काम करणारी डॉ. वासंती आत्राम अकराव्या ठिपक्याकडे बघत उभी होती. तो कोसमटोला होता. तिचं गाव. बासष्ट घरं, तिन्ही बाजूंनी बांबूचं आणि मोहाचं जंगल. आग गावापासून सव्वादोन किलोमीटरवर आली होती आणि वारा गावाकडेच होता. तरीही तारकच्या यादीत कोसमटोला सगळ्यात खाली होता.

तिचा फोन वाजला. जानोआत्या होती. वासंतीची आई गेल्यावर तिला वाढवणारी, आणि आता गावाच्या वणवा पथकाची प्रमुख. आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा काढून साफ केलेला पट्टा, म्हणजे जाळरेषा, हे पथक राखायचं.

“वासंती, विमान कव्हा येऊन राहिलं?” आत्याला धाप लागली होती. मागे सुक्या पानांचा तडतडाट ऐकू येत होता. “एकतीस जण सकाळपासून जाळरेषेवर आहो. दोघांचे पाय पोळले. बायांचे डोळे सुजले धुरानं.”

“बघते, आत्या. पाच मिनिटं दे.”

ती काचेच्या खोलीत शिरली. तारकचे जनक डॉ. हेमकांत देवगिरीकर तिथे बसले होते. दोन उन्हाळ्यांत तारकने चारशेच्या वर माणसं वाचवली होती, आणि तो आकडा फुगवलेला नव्हता हे वासंतीला ठाऊक होतं.

“सर, कोसमटोल्याचा फरकांक नऊ दाखवतोय. शंभरपैकी नऊ! आग उंबरठ्याशी आलीय.”

“आग किती जवळ आहे हे तारक विचारतच नाही, वासंती,” देवगिरीकर शांतपणे म्हणाले. “मदत पाठवली नाही तर किती नुकसान होईल आणि पाठवली तर किती, या दोन्हींमधला फरक तो काढतो. जिथे फरक मोठा, तिथे विमान. कोसमटोल्यात मदत गेली नाही तरी नुकसान थोडंच होणार.”

“थोडंच का?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “कारण तिथली माणसं आग अडवतात. खांबांवरचे कॅमेरे जाळरेषेवर उभी असलेली माणसं मोजतात. किती जण आहेत, किती वेगाने पालापाचोळा साफ होतोय, सगळं. दोन वर्षांत कोसमटोल्याने सहा वणवे एकट्याने रोखले. दर वेळी तारक शिकत गेला की या गावाला मदत लागत नाही. गावाची लढण्याची ताकद मोजणारा झुंजबळ हा गुणक त्यात तूच घातलास.”

वासंतीने मान खाली घातली. तीन वर्षांपूर्वी एक अख्खा उन्हाळा ती गावात राहिली होती. आत्याच्या पथकामागे मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन फिरली होती. गावकऱ्यांच्या कष्टाला कागदावर जागा मिळावी, एवढाच तिचा हेतू होता.

“पण ती माणसं थकलीत, सर.”

“थकवा कॅमेऱ्याला दिसत नाही.”

“मग गाव रिकामं करू?”

“माणसं निघाली की जिवाचा धोका संपला. फरकांक नऊवरून दोनवर येईल. रिकाम्या घरांसाठी विमान जाणार नाही.”

वासंती गणित पुन्हा मनात मांडत होती. लढले तर मदत नाही. पळाले तर मदत नाही. तिसरी एकच शक्यता उरत होती आणि तिने ती हळूच उच्चारली.

“थांबले, पण लढले नाहीत तर?”

देवगिरीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तर झुंजबळ शून्य होईल. बासष्ट घरं, दोनशे ऐंशी माणसं आणि आडवं येणारं कोणी नाही. फरकांक नव्वदच्या आसपास जाईल. पंचवीस मिनिटांत विमान त्यांच्या डोक्यावर असेल. मी तुला हे कर म्हणत नाही. करूही नकोस म्हणत नाही. पण एक लक्षात ठेव, ही गोष्ट एकाच गावाला माहीत असेल तोपर्यंतच चालेल.”

वासंती बाहेरच्या पायऱ्यांवर आली आणि तिने फोन लावला.

“आत्या, सगळ्यांना मागे बोलाव.”

“काय बोलून राहिली तू?”

“शाळेच्या पटांगणात बसा. गाव सोडू नका आणि आगीकडे कोणी जाऊ नका. तुम्ही हातपाय हलवायचे थांबलात तरच विमान येईल.”

आत्या म्हणाली, “म्हणजे आम्ही लढतो म्हणून कोणी येत नाही?”

“हो.”

“असं कोण मोजते, बाई?”

“मीच मोजायला शिकवलं, आत्या.”

तरीही आत्याने मुलीसारख्या वाढवलेल्या भाचीचं ऐकलं. वासंतीला अजून एक वाक्य बोलायचं होतं, हे कोणाला सांगू नकोस. ते तिच्या जिभेवर आलं. शेजारच्या गावांपासून सुटकेचा मार्ग लपवून ठेव, असं आत्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तिला कळेना. तिने फोन ठेवला.

एक वाजून दहा मिनिटांनी जाळरेषेवरच्या एकतीस माणसांचे ठिपके मागे सरकले. फरकांक नऊवरून चौतीस झाला, मग एकाहत्तर, मग ब्याण्णव. यादीत कोसमटोला तळातून वर आला आणि दोन जलपक्षी तिकडे वळले. वासंती खुर्चीत बसली. आग आता गावापासून दीड किलोमीटरवर होती. अडवायला कोणी नसल्याने ती जवळजवळ धावत होती, पण विमानं तिच्या आधी पोहोचणार होती. बारा मिनिटं. मग नऊ.

सात मिनिटं उरली असताना दोन्ही विमानं वळली.

वासंती ताडकन उठली. यादीत कोसमटोल्याच्या वर आता दुसरं नाव होतं: पळसगोंदी. नदीपलीकडचं सव्वाचारशे वस्तीचं गाव. तिथले चाळीस जण सकाळपासून लढत होते, म्हणून तेही तळाशीच होतं. आता त्यांची जाळरेषा निर्मनुष्य झाली होती. फरकांक सत्त्याण्णव.

तिला उलगडा झाला. पळसगोंदीत मैनी होती, जानोआत्याची लेक, दोन वर्षांपूर्वी त्या गावात दिलेली.

तिने आत्याला फोन लावला. “मैनीला सांगितलंस?”

“सांगितलं नं,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात अजून आनंद होता. “म्हटलं, बसा तुम्हीबी, विमान येते. तिच्या कडेवर पोर आहे, वासंती. विमानाचा आवाज आला होता इकडं, मग दूर गेला. फेरी मारून येते का?”

पडद्यावर आग आठशे मीटरवर होती. आता एकतीसच काय, तीनशे माणसांनाही ती थोपवता आली नसती.

“आत्या, तळ्यात उतरा. सगळे. आत्ता. काही घेऊ नका.”

“आणि विमान?”

“येत नाही.”

दोनशे ऐंशीपैकी दोनशे अठ्ठ्याहत्तर माणसं तळ्यात गळ्यापर्यंत उभी राहून वाचली. कन्हू कुमरे नावाचा म्हातारा बैलांचे दोर सोडायला परत गेला आणि त्याची बायको त्याला आणायला गेली. चार वाजेपर्यंत बासष्टपैकी एकही घर उभं नव्हतं. पळसगोंदी वाचलं.

त्या दिवसाच्या अहवालात देवगिरीकरांनी लिहिलं की तारकने उपलब्ध साधनांत जास्तीत जास्त जीव वाचवले. हे खरं होतं. वासंतीने अहवाल वाचला, सही केली नाही, आणि झुंजबळाचा गुणक काढून टाकण्याची मागणी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: गुणक काढल्यास विमानं चुकीच्या ठिकाणी जातील आणि वर्षाला सरासरी नव्वद जीव जास्त जातील. उत्तराखालचं गणित तिने तीनदा तपासलं. त्यात चूक नव्हती.

आठवड्याने ती पळसगोंदीला गेली. कोसमटोल्याची माणसं तिथल्या समाजमंदिरात राहत होती. जानोआत्या मैनीच्या अंगणात नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. वासंतीला पाहून ती रडली नाही, रागावलीही नाही.

“मैनीला नसतं सांगितलं तर आमचं गाव राहिलं असतं?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि हे गाव?”

“हे गेलं असतं बहुतेक. लढून लढून थकले होते तेही.”

आत्याने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. “मग मला विचारू नको की मी चुकली का.”

दुपारी उत्तरेच्या डोंगरावर धूर दिसला. पातळ होता, जाळरेषेपासून लांब. पंधरा-वीस माणसांनी तासाभरात विझवावा एवढाच. जानोआत्याने धूर पाहिला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि नातू मैनीकडे देऊन उठली. चाळीस वर्षांची सवय होती ती.

पण चौकात कोणी उठलं नव्हतं. पळसगोंदीचे सरपंच, पथकातले तरणे गडी, बाया, सगळे आपापल्या ओट्यांवर येऊन बसत होते, आभाळाकडे तोंड करून. वासंतीने केंद्रात फोन लावून विचारलं. आसपासच्या चौदा गावांजवळ आग लागली होती आणि त्यांच्या जाळरेषा निर्मनुष्य होत्या. चौदाही गावांचे फरकांक नव्वदच्या वर. आणि विमानं चार.

“सगळेच बसले तर ती कोणालाच पुरणार नाहीत!” वासंती सरपंचांना ओरडून म्हणाली. “आत्ता गेलात तर विझेल ती. अजून लहान आहे.”

“आम्ही गेलो आणि बाकीचे बसले, तर विमान त्यांच्याकडे जाईल, मॅडम,” सरपंच म्हणाले. “हे तुमच्याच आत्यांनी आम्हाला समजावलं.”

त्यांचंही गणित बरोबर होतं.

जानोआत्या एकटीच चालायला लागली. गावाच्या वेशीवर पळसगोंदीच्या चार बायांनी तिला गाठलं आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. जोर नव्हता त्यात, विनवणी होती.

“बसा नं, मावशी,” त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली. “तुम्ही तिथं दिसल्या तर वरतून मोजतील.”