खुंटीवरचा बिल्ला

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. वेळ अपरात्रीची नव्हती, चांगली सकाळी दहा वीसची होती. गाडीत शंभरावर प्रवासी होते आणि त्यातल्या एकानंही काही ऐकलं नाही.

डोंगरातून जाणाऱ्या छोट्या गाडीवर मी गार्ड आहे. डावीकडे दरी, उजवीकडे धबधबे. लोक फोटो काढून दमतात. मग लांब बोगदा येतो. आत शिरलं की सगळे हौसेनं ओरडतात आणि आवाज दुप्पट होऊन परत येतो.

आमच्याकडे एक नियम आहे. पहिल्या गाडीआधी गस्तवाला बोगदा चालत तपासत आमच्या स्टेशनात येतो आणि आपला पितळी बिल्ला ऑफिसातल्या खुंटीला अडकवतो. बिल्ला लागला म्हणजे माणूस बाहेर आला. गार्डनं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मगच हिरवा बावटा दाखवायचा.

आमचे गस्तवाले एकच; त्यांना सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. एकवीस वर्षांत त्यांना एक मिनिट उशीर झाला नव्हता.

त्या दिवशी झाला.

गाडीत वरच्या साहेबांचं कुटुंब होतं आणि गाडी आधीच खोळंबली होती. स्टेशनमास्तर म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मी बिल्ला बघायला उतरू लागलो, तर दादानं फलाटावरूनच हात केला.

“लावलाय रे. मी बघितलाय. निघ तू.”

दादाच तो. मी बावटा दाखवला.

बोगद्यात एक हलकासा धक्का बसला…

छताचे दगड रुळावर पडले होते. घड्याळांनी एकट्यानं ते बाजूला सारले होते, आमच्याच गाडीसाठी. म्हणून उशीर. बिल्ला त्यांच्या खिशात सापडला.

चौकशीत दादानं लिहून दिलं की, बिल्ला लागल्याचं गार्डनं सांगितलं. मी तो कागद तीनदा वाचला. घरी जाऊन विचारलं, तेव्हा तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, “तुझं सहा महिन्यांच्या निलंबनावर भागेल. माझी तर नोकरीच जाईल.”

ज्यानं मला सायकल शिकवली, त्यानंच केसानं गळा कापला. तरी मी गप्प बसलो. सहा महिने घरी बसून फक्त त्याचा राग राग केला.

मग पुन्हा रुजू झालो. पहिलीच फेरी. गाडी बोगद्यात शिरली. प्रवासी ओरडले…

आवाज परत आला नाही.

मग ओरडणंही ऐकू येईना. चाकांचा खडखडाटही नाही. माझ्या डब्यातला दिवा हलत होता, गाडी धावत होती आणि कशालाच आवाज नव्हता.

आणि मग… बाहेर खडीवर पावलं वाजली.

सावकाश. गाडी धावत होती आणि ती पावलं चालतच होती, तरी माझ्या डब्याच्या मागे पडत नव्हती.

दारापाशी कुणीतरी खोकलं. तो खोकला माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. म्हटलं, यांना तरी सगळं ठाऊक असेल. मी अंधारात वाकून म्हणालो, “माझी चूक नव्हती हो. दादानं फसवलं मला.”

पावलं थांबली नाहीत. चालता चालताच उत्तर आलं… अगदी शांत आवाजात.

“दादांवर मी कुठं विसंबलो होतो, गार्डसाहेब? मी तुमच्या डोळ्यांवर विसंबलो होतो.”

बोगदा संपला. लख्ख ऊन. पुढच्या स्टेशनात मी प्रवाशांना विचारलं, आत काही जाणवलं का? ते हसले. म्हणाले, काय मस्त घुमतो हो आवाज.

याला दीड वर्ष झालं. दादाशी मी बोलत नाही. पण त्याच्यावर धड रागावताही येत नाही आता.

पावलं पुन्हा आलेली नाहीत. रोज त्या जागी मी दार उघडून माफी मागतो… कुणी ऐकतंय का, कळत नाही.