दहा घाणदिवस

कालमापन प्रयोगशाळेत प्रशासक जाचक नाकाला अत्तराचा रुमाल लावून बसले होते. ते पाहूनच डॉ. कुमुद सरपोतदारच्या डोक्यात तिडीक गेली. मैल्याच्या भरलेल्या टाकीचा वास सगळ्या ध्रुवपेठ वसाहतीला येत होता. रुमाल तेवढा यांच्याकडे!

"साहेब, परवा वसंतारंभ. कालगणक मैल्याचा पंप आपोआप सुरू करणार, आणि बाहेरची मलवाहिनी अजून गोठलेलीच आहे."

"वसंतात कशी गोठेल?"

"वसंत कॅलेंडरात आलाय हो, बाहेर नाही!" कुमुदने कपाळाला हात लावला. "या ग्रहाची प्रदक्षिणा शंभर दिवस आणि वर अर्धा दिवस चालते. तो अर्धा जाणार कुठे? पृथ्वीवर साधारण पाव दिवस उरतो, म्हणून तिथे लीप वर्ष. इथे आपण दर दोन वर्षांनी एक दिवस जादा धरायचो. तुम्ही तो काढलात. त्याला वीस वर्षं झाली. कॅलेंडर ऋतूच्या दहा दिवस पुढे पळालंय."

तो जादा दिवस कोणत्याच महिन्यात बसत नसे. म्हणून त्या दिवशी सगळी पदं स्थगित, आणि लहानथोर सगळ्यांनी टाकीतला गाळ उपसायचा, असा पहिल्या वसाहतकारांचा नियम होता. लोक त्याला घाणदिवस म्हणत. तो बंद करायच्या आश्वासनावरच जाचक निवडून आले होते. नियमाला मात्र त्यांनी हातही लावला नव्हता. दिवसच नाही म्हटल्यावर नियम राहिला काय नि गेला काय!

"मैला उलटा फिरून वसाहतीच्या तळमजल्यावरच्या रुग्णालयात चढेल. माझे बाबा तिथे अंथरुणाला खिळलेत. पंप हाताने थांबत नाही, तारीखच बदलायला हवी."

"म्हणजे मी चूक कबूल करू? लोक हसतील. आणि तळमजल्याने मला मतं कधी दिली?"

 कुमुदला वासाची सवय झाली होती. या माणसाची होत नव्हती. 

"तुमची मुदतही वसंतारंभालाच संपते ना? राहून गेलेले दहा जादा दिवस उद्यापासून घातले, तर वसंतारंभ दहा दिवस लांबेल."

रुमाल खाली आला. "म्हणजे मुदतही लांबेल?"

"कॅलेंडरप्रमाणे, हो."

लगेच सही झाली. आजारी माणसांच्या जिवासाठी जे बोट हललं नव्हतं, ते खुर्चीसाठी कसं तुरुतुरु चाललं! शी! कुमुदने आदेश दोन बोटांत धरून कालगणकात घातला.

सकाळी कालगणकाची घोषणा झाली: पहिला जादा दिवस. सर्व पदे स्थगित. नागरिकांनी टाकीपाशी जमावे.

टाकीचं झाकण उघडलं तशी भलीभली माणसं मागे सरली. कुमुदलाही उमासा आला. तरी तिने जाचकांच्या हातात फावडं दिलं.

"अहो बाई, मी प्रशासक आहे!"

"असाल की. अकराव्या दिवशी, वसंतारंभाआधी एक दिवस."

जाचकांनी घाईघाईने खिशातला रुमाल काढला.

"तो फावड्याच्या मुठीला गुंडाळा," कुमुद म्हणाली. "आत फार निसरडं होतं."