नऊ नंबरची निळी जर्सी

"ए, काचेला हात लावू नकोस! साईनाथभाऊ ओरडतील!" संचिताचा मामेभाऊ यज्ञेश दबक्या आवाजात म्हणाला.

"हात कुठे लावतेय? मी मुंग्या बघतेय," संचिता म्हणाली.

टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये प्रदर्शनाची तयारी चालली होती. विश्राम नाखवा! ठाण्याच्या कोळीवाड्यातून थेट भारताच्या कबड्डी संघात गेलेले चढाईपटू. त्यांची पदकं, गुडघ्याची पट्टी, जुन्या सामन्यांची तिकिटं असं सगळं क्रीडा मंडळाने टेबलांवर मांडलं होतं. मधोमध काचेच्या पेटीत त्यांची निळी जर्सी होती. नंबर नऊ. आणि पेटीच्या फटीतून मुंग्यांची रांग सरळ त्या जर्सीकडे निघाली होती!

"भाऊंनी पेढे खाऊन जर्सीला हात पुसले असतील!" यज्ञेश खिदळला.

संचिता मात्र हसली नाही. "यज्ञेश, ही जर्सी त्यांची नाहीये."

"काय?"

"नऊचा आकडा बघ. छापलेला आहे. त्यांच्या आईने तो जाळं विणायच्या दोऱ्याने शिवलेला. मुलाखतीत सांगितलंय त्यांनी."

"तुला बरं सगळं माहीत असतं!"

संचिता पुन्हा मुंग्यांकडे बघायला लागली. काय सांगणार? ठाणं सोडून ती आईबाबांबरोबर टिटवाळ्याच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेली, तेव्हापासून तिला दुपार खायला उठायची. आईबाबा कामावर. मजल्यावर बाकीच्या सगळ्या दारांना कुलपं. खाली खेळायला गेलं तर वॉचमनकाका आणि सिमेंटच्या गोण्या. मग ती मोबाइलवर विश्राम नाखवांचे जुने सामने बघत बसायची. चढाई उजवीकडून, डावा पाय पुढे, सामन्याआधी मातीला हात... सगळं पाठ झालं होतं. पण ऐकायला कोणी नव्हतं. सुट्टीत मामाकडे आल्यावर ती जुन्या मैत्रिणींकडे धावत गेलेली. त्यांचा आता वेगळा ग्रुप झाला होता. "अगं, तू आलीस?" एवढंच म्हणून त्या क्लासला निघून गेल्या.

"काय चाललंय रे पोरांनो?" मंडळाचे चिटणीस साईनाथभाऊ आले.

"भाऊ, ही जर्सी खोटी आहे," संचिता म्हणाली.

भाऊंचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते मोठ्याने म्हणाले, "मोठ्यांच्या कामात लुडबुड नको! उद्या विश्रामदादा स्वतः येणारेत. पळा!"

यज्ञेशची मोठी बहीण दक्षता दाराशी फुगे फुगवत होती. तिने हळूच येऊन पेटीच्या फटीला नाक लावलं आणि तोंडावर हात ठेवला. "चहा! अरे, गोड चहाचा वास येतोय!"

"म्हणजे नवी जर्सी चहात बुडवून जुनी केली!" यज्ञेश उडालाच. "म्हणून मुंग्या!"

"मग खरी कुठे गेली?" संचिता म्हणाली.

यज्ञेशने डोळे मिचकावले. तो भाऊंजवळ जाऊन मोठ्याने म्हणाला, "भाऊ, उद्या विश्रामकाकांनी जर्सी घालून फोटो काढायचं ठरवलं तर? काय भारी दिसेल ना!"

भाऊंना घाम फुटला! ते लगबगीने गॅलरीत गेले आणि फोन लावला. तिघंही दाराआड उभी राहिली.

"अरे विकी, त्या दिवशी साफसफाईत जुन्या कपड्यांचं पोतं गेलं ना? त्यात चुकून विश्रामदादांची जर्सी गेली रे! कुठे दिलंस? कल्याणला? खडकपाड्याच्या मैदानावरच्या कबड्डीच्या सरांना? आता कुठे शोधत बसू मी!"

"आपण शोधू!" दक्षता कुजबुजली.

मामीची परवानगी काढून तिघं बसने कल्याणला पोहोचली. मैदान रिकामं होतं. सगळी मुलं गावाला गेलेली. फक्त एका टोकाला, संचिताएवढीच एक मुलगी एकटीच "कबड्डी, कबड्डी" म्हणत विटांच्या रांगेवर चढाई करत होती. विटांना हात लावायची आणि मागे वळून पळायची. अंगात गुडघ्यापर्यंत लोंबणारी निळी जर्सी!

संचिता धावत गेली. पाठीवरचा नऊचा आकडा जाड, पिवळट दोऱ्याने शिवलेला होता.

"हीच! यज्ञेश, हीच ती!"

ती मुलगी दचकली. तिचं नाव भावना. सगळं ऐकल्यावर तिने जर्सीची कड मुठीत गच्च धरली.

"मला सरांनी दिलीय. चोरली नाही मी."

"माहितीये गं," संचिता म्हणाली. पुढचं बोलायला तिला जड जात होतं. "पण तिच्यावरचा नऊ त्यांच्या आईने शिवलाय."

भावना खाली बघत राहिली. "टीममधल्या सगळ्या गावाला गेल्यात. आमचं गावच नाही. ही घातली की एवढ्या मोठ्या मैदानात एकटं नाही वाटत."

संचिता तिच्याजवळ मातीत बसली. हे असं दुसऱ्या कोणालाही वाटतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

"तूच चल ना," ती म्हणाली. "तूच दे त्यांना. आम्ही तुझ्या आईला विचारतो."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. विश्राम नाखवा आले. पांढरे केस, वाकलेले खांदे, बरोबर कोणी नाही. ते पेटीसमोर थांबले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात भावना पुढे झाली आणि तिने घडी केलेली जर्सी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी नऊच्या आकड्यावरून बोट फिरवलं. "ह्यो माझ्या आयचा टाका हाय," ते हळू आवाजात म्हणाले आणि जर्सी छातीशी धरून खुर्चीत बसले.

साईनाथभाऊंनी सगळ्यांसमोर कान पकडले. "चूक झाली, दादा. आणि ती झाकायला गेलो ती आणखी मोठी. या पोरांनी लाज राखली मंडळाची."

"शाब्बास रे पोरांनो!" सगळीकडून टाळ्या पडल्या. मामाने यज्ञेशच्या पाठीत असा धपका घातला की तो कळवळला!

विश्रामकाकांनी संचिताला जवळ बोलावलं. "तुला कसं समजलं गं?"

तिने सांगितलं. टिटवाळ्याच्या दुपारींबद्दलही सांगितलं.

"माझं पण तसंच हाय," ते म्हणाले. "घरात मी आणि टीव्ही. ही जर्सी आता काचेत नको. मी घरी नेतो. आणि भावनाला मी दर रविवारी शिकवणार हाय, पण कबड्डी शिकवायची तर दोन पोरी तरी पाहिजेत. येशील कल्याणला? टिटवाळा काय लांब नाय."

"पण मला खेळता येत नाही! मला फक्त माहिती आहे."

रविवारी ती मैदानावर उभी होती. भावना "कबड्डी, कबड्डी" म्हणत वाऱ्यासारखी आली आणि हुलकावणी देऊन निसटली. संचिताने झेप घेतली. हातात घोटा आला! दोघी धपकन मातीत आडव्या झाल्या.

"सोडू नको!" रेषेवरून विश्रामकाका ओरडले. "धरून ठेव तिला!"

तोंडात माती गेली होती, कोपर सोलवटलं होतं. संचिताने डोळे मिटून दोन्ही हातांची पकड आणखी घट्ट केली.