डोहातले मासे कुणी मारले?

“हळू घास रे! दगड आहे तो, तुझे दात नाहीत!” रेश्मा ओरडली.

तिचा चुलतभाऊ ओमकार गुडघाभर पाण्यात उभा राहून दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर जुन्या ब्रशने वाटीत उतरवत होता. एरवी दोघं खिदळली असती. आज हसू येत नव्हतं. गावाखालच्या डोहात मासे मरून तरंगले होते, आणि रेश्माच्या बाबांनीच चारचौघांत म्हटलं होतं, “वाडीवरच्या हनुमानने मासे धरायला विषारी औषध टाकलं! त्याला नदीवर फिरकू देऊ नका!” हनुमान म्हणजे तिच्या मैत्रिणीचा, सावळीचा बाप. तेव्हापासून सावळी दिसलीच नव्हती.

दिवाळीला आलेली सारिकामावशी कॉलेजात नदीच्या पाण्याचा अभ्यास करायची. तिने सूक्ष्मदर्शक लावला. “हे डायटम. काचेसारख्या कवचातलं इवलंसं शेवाळ.”

डोहाच्या वरच्या अंगाला पूल होता; तिथल्या थेंबात होड्या, सुया, पंखे अशा कितीतरी आकारांचे डायटम! डोहाच्या थेंबात मात्र एकाच आकाराची गर्दी.

“घाणीत तगणारी जात ही,” मावशी म्हणाली. “बाकीच्या गेल्या. हे एका दिवसाचं काम नव्हे. कितीतरी आठवडे घाण येतेय.”

“म्हणजे पूल आणि डोहाच्या मधूनच!” ओमकारने उडी मारली.

दोघांनी काठ पिंजून काढला. करवंदीच्या जाळीत, दगडांखाली दडवलेला पाइप सापडला! वरच्या नव्या रिसॉर्टमधून तो आला होता. पोरं थेट सरपंचांना घेऊनच तिथे गेली.

“पावसाचं पाणी आहे ते!” मॅनेजर हसला.

“मग घ्या ना एक घोट!” रेश्माने पाइपखाली भरलेली बाटली पुढे केली.

मॅनेजर दोन पावलं मागे सरला.

“शाब्बास, पोरांनो!” सरपंचांनी पाठ थोपटली. संध्याकाळपर्यंत पाइप बंद झाला.

 रेश्माला घेऊन बाबा वाडीवर गेले. सावळीच्या झोपडीला कुडाचं दार ओढलेलं होतं.

“वीटभट्टीवर गेली समदी कालच,” शेजारीण लहानी म्हणाली. “नदी बंद केली तुमी. खायाचं काय?”

बाबांनी तिथेच फोन लावला. “हनुमान, चूक माझी होती. परत ये.”

“आता नाय जमायचं, दादा. मालकाकडनं आगाऊ पैसं घेतलंय, पाऊस लागंपर्यंत हितंच.”

रेश्माने फोन घेऊन सावळीला बोलवायला सांगितलं. “सावळी, तुझ्या बाबाने काही केलं नव्हतं. आम्ही शोधून काढलं!”

“मला म्हायतीच व्हतं गो,” सावळी हळूच म्हणाली. “शाळेत माझी जागा कुणाला देऊ नको.”

“नाही देणार,” रेश्मा म्हणाली.