आईवर गेलेला चेहरा

“आई अजून जेवली नाही?” ओव्हिदिओनं पुन्हा विचारलं, आणि एदिल्माच्या हातातला आरेपा, मक्याची जाड भाकरी, निखाऱ्यांत पडला… आईच्या थडग्यावरचं नावसुद्धा आता पुसट झालं होतं!

अँतिओकियाच्या डोंगरातल्या त्या गावात काही घरांतली माणसं चाळिशी उलटली की आधी नावं विसरत, मग घराची वाट, मग गिळणं. गाव याला नुसतं ‘खूळ’ म्हणे. खूळ कुणाला लागणार, हेही गावाला पाळण्यातच कळे: ज्याचा चेहरा खुळ्या आईबापावर गेला, त्याचं ठरलं! एदिल्मा हुबेहूब आई. तिचा थोरला भाऊ ओव्हिदिओ बापावर गेलेला, देखणा, म्हणून निर्धोक. शास्त्र इतकं सोपं असताना मेदेयीन शहरातून डॉक्टर रक्त न्यायला कशाला येतात, हेच कुणाला उमगत नसे.

एदिल्मानं आईला भरवलं, धुतलं, पुरलं, आणि मग आपल्या खुळाची वाट पाहत बसली. आई असतानाच जीपवाला आर्नुल्फो लग्नाचा शब्द देऊन नाहीसा झाला होता, तेव्हा तिनं त्यालाही दोष दिला नाही. असल्या चेहऱ्याशी कोण लग्न करणार!

पन्नाशी उलटली तरी खूळ आलंच नाही. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाई, दोष रक्तातून उतरतो, चेहऱ्यातून नाही. प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. तुम्ही सुटलात. आता जगा.”

कसं जगतात, हे मात्र बाईंनी सांगितलं नाही. एदिल्मानं आपलं ठरवलं: समुद्राकाठी मैत्रिणीची खानावळ होती, तिथं जायचं. गाठोडं बांधलं, आणि त्याच आठवड्यात वहिनी खूळ लागलेल्या ओव्हिदिओला दारात सोडून गेली. “तुम्हाला सवय आहे,” एवढंच म्हणाली. आज दुपारी नन्सच्या आश्रमातून माणूस त्याला न्यायला येणार होता, आणि संध्याकाळची बस एदिल्माची होती.

“खा दादा,” तिनं घोटलेल्या राजम्याचा घास पुढे केला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

“आई, एदिल्माला सांगू नकोस हं… आर्नुल्फो पळाला नव्हता ग. अंगठी घेऊन आला होता! मीच त्याला म्हटलं, ‘आत बसलेल्या माझ्या आईचा चेहरा बघ आणि एदिल्माचा बघ.’ हाकललं त्याला. काय करणार? तुला धुवायला-पुसायला घरात होतं कोण? माझी बायको करणार होती होय?” तो हमसून हमसून रडू लागला. “तू रागावलीस? मला टाकून जाशील?”

एदिल्मापुढं उभी राहिली सगळी वर्षं, ती अंगठी, तो समुद्र!

दारावर थाप पडली. “आश्रमातून आलोय. पेशंट तयार आहे ना?”

“चुकीच्या घरी आलात,” एदिल्मा आतूनच म्हणाली. मग एप्रनच्या टोकानं भावाचं तोंड पुसलं, आणि आईचा आवाज काढला.

“नाही सांगत तिला. गीळ आता.”