देऊ का?

खोटं वाटलं तर वाटू दे, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. मी वायरमन आहे. टेस्टर पेटला तर लाईट आहे, नाही पेटला तर नाही, एवढंच मानणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो.

अमावस्या वगैरे काही नव्हती. साधा बुधवार. नुकतं अंधारायला लागलं होतं.

एका मोठ्या इमारतीचं काम सुरू व्हायचं होतं. साइटवर ऑफिससाठी तीन केबिन आणून ठेवल्या होत्या. त्याच, पत्र्याच्या, चाकांवरच्या. एक साइट संपली की ओढून दुसरीकडे नेतात. त्यांना तात्पुरती लाईट द्यायची होती. प्रत्येकीला सिंगल फेज, आपल्या घरात असते तशी. दोन केबिन उजळल्या. तिसरी राहिली होती.

ती जुनी होती. आत स्विचबोर्डामागचा पत्रा जळून काळा पडलेला. ही आधी कुठल्या साइटवर होती, विचारलं तर कुणालाच धड सांगता येईना.

मला ते तेव्हाच खटकलं होतं.

सोबत माझा मेहुणा होता. बायकोचा एकुलता एक भाऊ. आम्ही जोडीने कामं घ्यायला लागलो तेव्हा बायको म्हणाली होती, "त्याच्या केसाला जरी धक्का लागला तरी मला तोंड दाखवू नका." गमतीत नव्हती म्हणाली.

आमची पद्धत ठरलेली. तो केबिनमध्ये वायरी जोडणार. मी बाहेर पॅनेलपाशी, त्या केबिनचा फ्यूज काढून खिशात. म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून लाईट देऊ नये. मग मी ओरडणार, "देऊ का?"

तो म्हणणार, "द्या, दाजी!"

तेव्हाच फ्यूज लावायचा. एरवी नाही.

पॅनेल पहिल्या केबिनच्या मागे होतं. तिथून तिसरी दिसत नव्हती. बराच वेळ झाला, म्हणून मी हाक मारली.

"झालं का रे? देऊ का?"

मग आवाज आला.

"दे!"

मी फ्यूज खिशातून काढला. खाचेपर्यंत नेला...

आणि माझं डोकं सटकलं.

दे? मला? लग्नाला इतकी वर्षं झाली, या पठ्ठ्याने मला कधी अरे-तुरे केलेलं नाही. बायको म्हणते, तुम्हाला मान फार लागतो. लागतो! जावई आहे मी त्या घरचा.

फ्यूज मुठीत धरून तरातरा निघालो. तोंडाचा पट्टा चालूच. "दाजीला 'दे' म्हणतोस? 'द्या, दाजी' म्हणायला काय जीभ झिजते तुझी?"

केबिनचं दार ढकललं.

मेहुणा बोर्डासमोर उभा... दातांत छोटी बॅटरी. दोन्ही हातांत उघड्या तारा.

तारा सोडून त्याने बॅटरी तोंडातून काढली. "काय झालं, दाजी? कुणावर ओरडताय?"

"तू आत्ता 'दे' म्हणालास ना?"

"मी? तोंडात बॅटरी होती, बोलणार कसा? आणि तुमची हाक तर मला ऐकूच आली नाही."

फ्यूज अजून माझ्या मुठीतच होता. मी तो लावला असता तर... पुढचं मला अजून बोलवत नाही.

पहिला संशय साइटच्या रखवालदारावर. आमच्याशिवाय तिथे तोच होता. दोघंही बाहेर आलो, रिकाम्या केबिनला कडी घातली आणि त्याला गाठलं. तो लांब फाटकापाशी बसलेला, आणि घसा इतका बसलेला की बोलणं म्हणजे नुसती फुसफुस. तो कसला हाक मारतोय!

दुसरा संशय मेहुण्यावरच.

"मस्करी करत असशील तर आत्ताच सांग."

"ताईची शप्पथ, दाजी!"

ताईची शपथ तो खोटी घेत नाही. तरी माझं मन मानेना. म्हटलं, सोक्षमोक्ष लावूच. त्याला ओढत पॅनेलपाशी आणलं. शेजारी उभं केलं. मनगट घट्ट धरून ठेवलं.

आणि ओरडलो, "देऊ का?"

पहिल्या केबिनमधल्या पंख्याची घरघर तेवढी.

मेहुणा हसला. "बघा, उगाच तुम्ही..."

तेवढ्यात तिसऱ्या केबिनमधून आवाज आला. हुबेहूब याच्याच आवाजात. अगदी अदबीने...

"द्या, दाजी!"

मी मेहुण्याच्या तोंडाकडेच बघत होतो. त्याचे ओठ मिटलेले होते.

काय म्हणायचं ते त्या आवाजाला मीच शिकवलं होतं. वाटभर ओरडत गेलो होतो ना.

हत्यारं तिथेच टाकून आम्ही पळालो. तो फ्यूज अजून माझ्या कपाटात आहे. पुढे तिथली लाईट दुसऱ्या कुणीतरी दिली म्हणे, आणि सगळं सुरळीत चाललंय म्हणे. असेल बुवा. पण साइट संपली की ती केबिन पुन्हा कुठेतरी ओढून नेतील, आणि तिथल्या वायरमनला कोण सांगणार?

आता कामावर आम्ही हाकच मारत नाही. मेहुणा स्वतः चालत येतो, समोर उभा राहतो, मगच मी फ्यूजला हात लावतो.

घरी बायको विचारते, "भांडलात का दोघं? तो साधं 'दाजी' म्हणाला तरी दचकता."

काय सांगू तिला? परवा तो आमच्याकडे आला होता. जेवताना मागून आवाज आला, "पाणी द्या, दाजी."

मी तांब्या उचलला... आणि तसाच धरून ठेवला.

आधी वळून त्याचे ओठ बघितले.